एकमताचे दोन गुण

३ नोव्हेंबर, सोमवार

गुण जुळवायची बैठक झाली. पाच परीक्षक, दोन चित्रफिती, गुण चारपैकी. शेवटच्या वर्षाची तोंडी सादरीकरणं — कंपनीची अडचण मांडायची, उपाय सांगायचा, आकड्यांनी पटवून द्यायचा. दोन किंवा त्याखाली म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी.

मानांकन समितीने यंदा नवा हट्ट धरलाय. आधी प्रत्येकाने न बोलता आपापले गुण संगणकावर भरायचे, चर्चा नंतर. इतकी वर्षं बोलून ठरवत आलो, कुणाचं काय बिघडलं!

पहिला मुलगा — पाचही जणांचे तीन. छान. दुसरी आयव्ही पेलोन. चौघांचे चार, माझे दोन.

डीन ट्रेगेअर हसला. "व्हर्ना, तुमचा आकडा एकटाच पडला की!"

"एकटा पडला म्हणून चुकला असं कुठे लिहिलंय, मार्कस?"

मी त्यांना समजावून सांगितलं. मुलगी पुटपुटते. वाक्याचं शेपूट गिळते. मुद्दा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, पत्ता लागत नाही. अशा माणसाला बँकेच्या संचालकांपुढे कोण उभं करील? एकेक जण खाली आला. डेल्फीन कॅरॉन शेवटची. ती हिशेबशास्त्र शिकवते, तिसरंच वर्ष, कायम नेमणुकीचा निर्णय वसंतात आहे. म्हणाली, "आता तुम्ही दाखवलंत म्हणून जाणवतंय... शेवट जरा निसटतो खरा."

एकमत. दोन. म्हणजे आयव्हीला विषय पुन्हा घ्यावा लागणार, डिसेंबरात पदवी नाही. वाईट वाटतं, पण पदवी ही वाटायची मिठाई नव्हे.

४ नोव्हेंबर

काहीतरी झालंय.

आयव्हीचा अभिप्राय लिहायला ऑफिसात तीच चित्रफीत पुन्हा लावली. माझ्या संगणकावर बोलण्याबरोबर खाली अक्षरं येतात, ती बंद कशी करायची कुणास ठाऊक. बघत गेले. मुद्देसूद! हार्डवेअरच्या दुकानांच्या साखळीचा प्रश्न — कुठला माल पडून राहतो, का राहतो, काय काढून टाकायचं. पायरीपायरीने. माझ्या नकळत निकषपत्रकावर चार गुण लिहून गेले.

चार!

काल हीच मुलगी, हीच चित्रफीत, हीच मी — दोन. चार शहाण्या माणसांना ओढून दोनवर आणलं, आणि आज मलाच चार दिसतात.

पुन्हा बघितली. चार.

५ नोव्हेंबर

वर्ग रिकामा होता. मोठ्या पडद्यावर लावली, काल पाहिलं ते विसरून, नव्याने बघायचं ठरवून. शेवटच्या बाकावर बसले, परीक्षक बसतात तिथे. पुटपुटते. मुद्दा हरवतो. दोन. फार तर अडीच.

निकषपत्रकाची घडी घालून पर्समध्ये टाकली — कुणी बघायला नको.

एल्वीचं असंच सुरू झालं होतं. माझी मोठी बहीण. राय धान्याचा पाव आयुष्यभर डोळे मिटून करायची. एके दिवशी मीठ दोनदा घातलं. सगळे हसलो. पुढच्या आठवड्यात घातलंच नाही. मग हसलो नाही.

६ नोव्हेंबर

एल्वीकडे गेले होते, स्मृतिभ्रंशाच्या माणसांच्या निवासात. खिडकीशी बसली होती, मांडीवर विणकाम, सुया नसलेलं. मला आई समजली.

"बरं झालं आलीस," म्हणाली. "आज व्हर्ना यायचीय. जरा जपून बोल हं. फार कडक आहे ती."

"मी काही बोलणार नाही," म्हटलं.

"मीसुद्धा नाही बोलत. ती म्हणेल त्याला हो म्हणायचं. लवकर जाते मग."

गाडीत बसल्यावर किल्ली लागेना. एल्वी माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठी.

८ नोव्हेंबर

रोज स्वतःची परीक्षा घेते. राज्यांच्या राजधान्या. मी शिकवलेल्या पहिल्या वर्गातल्या मुलांची नावं. सगळं येतं. पण एल्वीलाही येत होतं की! पाढे अजून येतात तिला.

१० नोव्हेंबर

आयव्ही पेलोन ऑफिसात आली. उंच, खांदे आत ओढून उभी राहणारी मुलगी. ती बोलायला लागली आणि मला काही कळेना.

"मोठ्याने बोल."

पुन्हा बोलली.

"मोठ्याने, आयव्ही! इथेही पुटपुटणार असशील तर बाहेर काय करशील?"

लाल झाली. "मॅडम, मी मोठ्यानेच बोलतेय. बाहेरच्या बाकावरचे वळून बघताहेत."

दार उघडं होतं. खरंच बघत होते.

तिने कागदावर लिहून दिलं. ग्रीन बेच्या क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे तिथल्या पतपेढीत, नोकरी ठरली आहे, जानेवारीपासून. पदवी नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल. आणखी एक संधी द्या, काय सांगाल ते करते.

"नियम सगळ्यांना एकच," मी म्हटलं. आवाज नेहमीचाच लागला. पण ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून राहिले. तिला दोन की चार, ते मला माहीत नाही! परीक्षकाला माहीत नाही!

१२ नोव्हेंबर

डीनने अहवालाचा मसुदा दाखवला. समिती ८ डिसेंबरला येणार.

"हे पान बघा," म्हणाला. "हे आपलं सोन्याचं पान."

तोंडी सादरीकरणात आमच्या मुली वर्षानुवर्षं मागे पडायच्या. ते मीच शोधून काढलं होतं. मग आवाजाचा वर्ग सुरू केला — कमी पडणाऱ्यांना सक्तीचा, म्हणजे बहुतेक मुलीच. त्यानंतर आकडे वर चढले. उणीव शोधली, उपाय केला, पुन्हा मोजलं, सुधारणा दिसली. आमच्या धंद्यात याला चक्र पूर्ण करणं म्हणतात. बहुतेक कॉलेजांची चक्रं अर्ध्यातच अडकतात. आमचं पूर्ण झालं. आयव्ही दुसऱ्या कॉलेजातून मधेच आली, म्हणून तो वर्ग तिच्या वाट्याला आला नाही.

"समितीला हे तुम्हीच सांगा, व्हर्ना. तुमच्याइतकं खणखणीत कुणी सांगत नाही."

हो म्हटलं. समितीपुढे बोलता बोलता अडकले तर? एखादा साधा शब्द सापडला नाही तर? सगळे वाट बघत बसतील. दयेने.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्यापासून हरणांची शिकार. गावात पुरुष सापडायचा नाही. या आठवड्यात येऊ नका म्हणून समितीला उन्हाळ्यातच कळवून ठेवलं होतं. तिकडच्या शहरी माणसांना तो विनोद वाटला.

माझा नवरा रेनो जंगलातल्या खोपटाकडे निघाला. मी पेस्ट्या, म्हणजे सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, बांधून दिल्या, चार मटणाच्या, चार नुसत्या बटाटा-सलगमच्या. दारातून ओरडला, "अगं, तीनदा विचारलं, थर्मासचं झाकण कुठाय?"

"एकदाच विचारलंस."

"तीनदा!"

म्हणजे दोनदा विचारलेलं मी विसरले? मिनिटाभरात?

झाकण दिलं. त्याने माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांत माझा चेहरा वाचायला शिकलाय मेला. "काय लपवतेयस?"

"हरणं. जा आता."

हसला आणि गेला. नवऱ्याला कसं सांगायचं हे? एल्वीचा नवरा शेवटी शेवटी गाडीतच बसून राहायचा, घरात यायचा नाही.

१५ नोव्हेंबर

एकटी. सगळीकडे बंदुकांचे आवाज. डॉक्टरला मंगळवारी भेटायचं ठरवलं. ठरवलं हे लिहून ठेवते.

१८ नोव्हेंबर

डॉ. ओला सँडस्ट्रॉमकडे गेले. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचा डॉक्टर, घोगऱ्या आवाजाचा. सगळं सांगितलं. चित्रफीत, थर्मास, एल्वी. पहिल्यांदाच कुणाला तरी. बोलताना हातमोजे पिळत होते, ते त्याने हळूच काढून टेबलावर ठेवले.

नर्सने चाचणी घेतली. नवी मुलगी, चिमणीसारखा आवाज. घड्याळ काढा — काढलं. शंभरातून सात सात वजा करा — केलं. पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. मधे इतर प्रश्न विचारले, मग शब्द विचारले. मी धडाधड म्हणाले, "खुर्ची, नदी, लिंबू, घंटा, पुतळी."

तिने खाली बघून काहीतरी लिहिलं. निवासातली खिडकी दिसली. एल्वीच्या शेजारी दुसरी खुर्ची.

डॉक्टर आला. कागद बघितला.

"पुतळी नाही, व्हर्ना. सुतळी."

"चुकले."

"पुन्हा सांग बघू पाचही."

"खुर्ची, नदी, लिंबू, घंटा—" थांबले. "पुतळी. मला पुतळीच आठवते, ओला! काय करू?"

तो खुर्ची ओढून समोर बसला. "हे बघ. विसरणारा माणूस शब्द गाळतो. तू गाळला नाहीस. चुकीचा शब्द चोख लक्षात ठेवलास. दोनदा. तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. मुलीने सुतळी म्हटलं आणि तुला पुतळी ऐकू आलं, एवढंच. कान तपासले होतेस कधी?"

कान!

२० नोव्हेंबर

कान तपासले. डब्यासारख्या खोलीत बसवतात, कानात शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी दाबत होते. मग बराच वेळ शांत होतं. मला वाटलं यंत्र बिघडलं. काचेतून बघितलं तर तंत्रज्ञ आपला शिट्ट्या वाजवतोय.

खालचे सूर मला स्वच्छ ऐकू येतात. वरचे गेले. बरेच, आणि आजकालचे नाहीत — पाच-सात वर्षं तरी झाली असतील म्हणाला. हळूहळू जातात, माणसाला कळत नाही, वाटतं जगच पुटपुटायला लागलंय. स, श, फ, त — असले आवाज आधी जातात. "पुरुषांचं बोलणं बऱ्यापैकी कळत असेल तुम्हाला. बायकांचं, मुलांचं नाही."

गाडीत बसून हसले. मोठ्याने! वेडी नाही मी. बहिरी आहे! देवा, फक्त बहिरी! बेकरीपाशी थांबून दालचिनीची गोड टोस्टं घेतली आणि गाडीतच खाल्ली.

२१ नोव्हेंबर

सकाळी दात घासताना आठवलं. आवाजाच्या वर्गात काय शिकवतात?

छातीतून बोला. आवाज खाली आणा. सावकाश. वाक्याचा शेवट जड ठेवा.

तो अभ्यासक्रम मीच मंजूर केला. मुली वर्षभर तो शिकल्या आणि त्यांचे गुण वाढले. आम्ही लिहिलं — सादरीकरणाचं कौशल्य सुधारलं, चक्र पूर्ण.

मुली काय शिकल्या? व्हर्ना लाह्तीला ऐकू जाईल असं बोलायला!

ब्रश तोंडात तसाच. आधीच्या मुलींचं काय? दोन मिळालेल्या, विषय पुन्हा घेतलेल्या, सोडून गेलेल्या. चेहरे आठवतात मला, सगळे. स्मरणशक्ती चांगली आहे म्हणाला ना डॉक्टर.

कालपर्यंतची भीती माझ्यापुरती होती. ही नाही.

२४ नोव्हेंबर

डीनला सांगितलं. सरळ. कान, शिट्ट्या, आवाजाचा वर्ग.

त्याने उठून दार लावलं. "समिती दोन आठवड्यांवर आलीय, व्हर्ना."

"म्हणून तर आज सांगतेय."

"सोन्याचं पान आहे ते!"

"पितळेचं आहे."

खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली विद्यार्थी बर्फातून घसरत वर्गाला चालले होते. मग एकदम वळला. "थांबा, थांबा. तुम्ही एकट्या कुठे होतात? प्रत्येक सादरीकरणाला पाच परीक्षक. उरलेल्या चौघांचे कान ठणठणीत आहेत. त्यांनी काय दिलेत बघू."

संगणकावर जुने आकडे काढले. माझी रांग झाकली. सरासरी काढली. जिथल्या तिथे! माझे दोन तिथे त्यांचेही दोन. एखादा तीन.

"बघा!" टाळीच वाजवली त्याने. "पाच माणसं ठेवतो ती याचसाठी. एकाचा कान गेला, डोळा गेला, बायकोशी भांडण झालं — उरलेले चौघं सांभाळून घेतात. मुली तेव्हा कच्च्याच होत्या. तुम्हाला ऐकू येवो न येवो."

पटलं. खरंच पटलं. पाच जणांचं एकमत हा तर आमच्या कामाचा पाया — पंचवीस वर्षं मीच शिकवतेय हे. जिन्यावरून उतरताना पाय हलके होते. आपल्या बहिरेपणाने कुणाचं वाटोळं झालं नाही. एक आयव्ही सोडली तर.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

कानातली यंत्रं आली. टर्कीची कातडी कुरकुरते, हे विसरलेच होते. काटे, चमचे, भट्टीचा पंखा — केवढा गोंगाट करतं हे घर! रेनोला आता सगळं सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आता तुझ्यामागे तुला शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही."

"इतके दिवस देत होतास?"

"पाच-सात वर्षं, म्हणतोय ना तो माणूस."

नंतर भांडी पुसताना माझा खांदा दाबला. फार जोरात.

२९ नोव्हेंबर

आयव्हीची चित्रफीत यंत्रं लावून ऐकली. खालच्या अक्षरांवर जाड कागदाची पट्टी चिकटवली — ४ तारखेचे चार गुण ती वाचूनच दिले होते.

काय मुलगी आहे! "दुकानं विक्री कमी म्हणून बुडत नाहीयेत. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्याला प्रेमाने सांभाळून बुडताहेत." स्वच्छ. एकेक शब्द. मधे प्रेक्षक हसतात. त्या दिवशी मला वाटलं होतं, तिला हसताहेत. नाही — तिने विनोद केला होता. चांगला होता.

चार. पाच असते तर पाच.

चित्रफीत थांबवली आणि एक गोष्ट डोक्यात अडकली. ३ तारखेला न बोलता गुण भरले तेव्हा त्या चौघांनी चारच दिले होते. त्यांना ऐकू आलं होतं. मग मी बोलले आणि ते खाली आले.

पण ते याच वर्षी. आधीच्या वर्षांत तर त्यांचेही दोनच होते. डीनने दाखवले ना. माझी रांग झाकून.

१ डिसेंबर

आयव्हीचे गुण बदलले. कारण लिहून सही केली — परीक्षकाच्या श्रवणदोषामुळे. डीनने तोंड वाकडं केलं, पण एका मुलीपुरतं चालेल म्हणाला.

तिला स्वतः फोन केला. डिसेंबरात पदवी मिळेल म्हटलं. पलीकडे काहीच नाही. यंत्र बंद पडलं की काय म्हणून कानाला हात लावला.

"आयव्ही? बोल, आता येतं मला ऐकू."

"मॅडम..." अगदी हळू. पण पोचलं. "तुम्ही रागावला नाहीत ना माझ्यावर?"

मी हिच्यावर!

"क्रेडिट युनियनला आजच कळव," एवढंच म्हटलं. ते हुकमासारखं निघालं.

२ डिसेंबर

डेल्फीनला बोलावलं. ती इथे नवी आली त्या वर्षीची चित्रफीत लावली. एक मुलगी, पाचही जणांचे दोन. मला आता सगळं ऐकू येत होतं. संपल्यावर विचारलं, "त्या दिवशी तुला हिचं बोलणं ऐकू आलं होतं?"

"हो."

"किती द्यावेसे वाटले होते?"

तिने जमिनीकडे बघितलं. "चार."

"मग दोन का लिहिलेस?"

"तुम्ही आधी बोललात ना, प्रोफेसर लाह्ती. दोन म्हणून."

"आणि बाकीचे तिघं?"

"आम्ही सगळेच थांबायचो. तुम्ही बोललात की मग लिहायचो."

एवढा वेळ ती उभीच होती. शेजारी खुर्ची होती. मी "बस" म्हटलं, तेव्हा बसली.